रुग्णशय्येपाशींची उमेदवारी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवसांत मागच्या पिढ्यांनीं उभारलेल्या देवळाचें, शाळेचें व विहिरीचें कौतुक करण्याची आपली रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु महोत्सव समितीनें ज्या कार्याविषयीं मला बोलावयास सांगितलें आहे, त्याची कोनशिला कोणत्याही भिंतींत बसविलेली आढळणार नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुली व मुलगे निरनिराळ्या इस्पितळांत चाकरीस आहेत. त्यांपैकीं ज्या शिकून तयार झालेल्या परिचारिका आहेत, त्यांची योग्यता आपण जाणतोंच. परंतु त्यांच्या हाताखालीं काम करणारी जी मंडळी असते, जिला इस्पितळांत ‘मावशी’ आणि ‘मामा’ म्हणून हांक मारतात व कागदोपत्रीं आया, वॉर्डबॉय किंवा नर्सिंग असिस्टंट म्हणतात, तिच्याविषयीं मी आज बोलणार आहें. “तूं काय करतेस?” असें विचारलें असतां ही मुलें मान खालीं घालून “इस्पितळांत कामाला आहें,” एवढेंच सांगतात. त्यांना मान खालीं घालावयास लावणारे आपणच आहोंत.

वर्षांतून पांचदहा वेळां तरी एखादे आईबाप आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “फादर, हिला इस्पितळांत काम मिळत आहे, चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्या.” दाखला मी आनंदानें देतों. त्या वेळीं आईबापांच्या तोंडून दोन प्रश्न हटकून निघतात: पगार किती मिळेल, आणि रात्रपाळी असेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा एक प्रश्न आहे, तो फार क्वचित् विचारला जातो: हिला तेथें शिकवील कोण? माझें आजचें सारें भाषण या तिसऱ्या प्रश्नाविषयीं आहे. कारण रोग्याच्या उशाशीं उभें राहून काम करणाऱ्या माणसाला जर कोणीं नीट शिकविलें नाहीं, तर त्याच्या अज्ञानाची किंमत तो स्वतः क्वचितच देतो. ती किंमत बिछान्यावर पडलेला रोगी देतो.

या कामाविषयीं लोकांत दोन समजुती प्रचलित आहेत. कोणी म्हणतात, “यांत शिकावयाचें तें काय? मायाळू स्वभाव असला कीं झालें.” दुसरे म्हणतात, “पुस्तक वाचून परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळालें, म्हणजे माणूस तयार झालें.” या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. आपल्या देशांतील प्राचीन वैद्यांनीं हें मर्म फार पूर्वीं ओळखिलें होतें. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार आधार सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि परिचारकाच्या अंगीं शुश्रूषेचें ज्ञान, कामांतील दक्षता, रोग्याविषयीं प्रीति व शुचिता हे चार गुण असावेत असें म्हटलें आहे. पाहा, प्रीति त्यांत आहे. पण ती चारांपैकीं एक आहे. ज्ञान आहे, पण तेंही चारांपैकीं एकच आहे. हे चारही गुण एका माणसांत आणावयाचे, तर त्याला सुताराच्या किंवा शिंप्याच्या हाताखालीं मूल राहतें तशी उमेदवारीच करावी लागते. फरक इतकाच कीं, शिंप्याच्या उमेदवाराकडून कापड बिघडतें; येथें हाताखालीं माणूस असतें.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासांत या उमेदवारीचे उत्तम दाखले आहेत. संत कामिल्लस यांचा जन्म १५५० सालीं इटलींतील बुक्कियानिको या गांवीं झाला. तारुण्यांत ते शिपाई होते व जुगारीही होते. पायाची जखम बरी होईना म्हणून १५७१ सालीं ते रोममधील सान जाकोमो इस्पितळांत आले व तेथें चाकरी करूं लागले. परंतु पत्त्यांचें व्यसन व भांडखोर स्वभाव यांमुळें त्यांना लौकरच तेथून काढून टाकण्यांत आलें. १५७५ सालीं त्यांचें अंतःकरण पालटलें. ते त्याच इस्पितळांत परतले, पुन्हा खालच्या पायरीपासून कामास लागले आणि पुढें तेथील व्यवस्थापक झाले. त्यांनीं स्थापिलेल्या सेवकसंघास १५८६ सालीं पोपमहोदयांची मान्यता मिळाली. १७४६ सालीं त्यांना संतपद देण्यांत आलें व १९३० सालीं ते परिचारकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित झाले. या पुरुषानें खाटेवर पडून इस्पितळ पाहिलें होतें, आणि चाकर म्हणून उभें राहूनही पाहिलें होतें. म्हणूनच आपल्या सोबत्यांना त्यांनीं नुसता ‘प्रेम करा’ असा उपदेश केला नाहीं. रोग्याची सेवा कशी करावी याचे नियम त्यांना लावून दिले. त्या काळीं मेला असें समजून जिवंत माणसालाही पुरण्याचा प्रमाद केव्हां केव्हां घडे. यास्तव शेवटचा श्वास गेला असें वाटल्यानंतरही कांहीं वेळ प्रार्थना चालू ठेवण्यास त्यांनीं सांगितलें. भक्ति आणि निरीक्षण यांचा असा संगम त्यांच्या ठिकाणीं झाला होता.

दुसरा दाखला फ्रान्समधील आहे. संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या प्रेरणेनें पॅरिसमधील श्रीमंत स्त्रिया गरीब रोग्यांची सेवा करूं लागल्या. पण रोग्याच्या खोलींतील हलकें काम त्यांच्यानें होईना, आणि त्या आपल्या दासींना पाठवूं लागल्या. दासींना ना त्या कामाची आवड, ना त्याचें शिक्षण. अशा वेळीं मार्गरीत नासो नांवाची, गुरें राखणारी एक खेडवळ मुलगी पुढें आली. अक्षरें ओळखण्यासाठीं ती येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारून विचारून वाचावयास शिकली होती. तिच्यासारख्या मुलींना संत लुईझ द मारियाक यांनीं १६३३ सालीं आपल्या घरीं एकत्र केलें व त्यांना सेवेचें शिक्षण दिलें. आज जगभर पसरलेल्या ‘दयेच्या कन्यां’च्या संस्थेचा हा आरंभ होय. स्वतः मार्गरीत मात्र तो आरंभ पाहावयास उरली नाहीं. प्लेगनें आजारी असलेल्या एका स्त्रीला तिनें आपल्या बिछान्यांत जागा दिली, आणि त्याच वर्षाच्या प्रारंभीं ती प्लेगनें मरण पावली. तिच्या त्यागापुढें आपण मस्तक नमवितों. पण संसर्ग कसा टाळावा हें तिला सांगावयास त्या काळीं कोणाजवळ ज्ञान नव्हतें. आज तें आहे. २०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत इस्पितळांतील मावशींना व मामांना संरक्षक पोषाख कसा चढवावा हें तर शिकविलेंच, पण तो कसा उतरवावा हें अधिक काळजीनें शिकविलें. कारण बाहेरून दूषित झालेला पोषाख उतरवितांनाच हात व चेहरा दूषित होण्याचें भय फार. ज्ञान उपलब्ध असतांना तें न देतां एखाद्या मुलीला रोग्याजवळ पाठविणें म्हणजे तिच्या हातून त्याग करविणें नव्हे. तो तिच्यावर अन्याय आहे.

तिसरा दाखला तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५१ सालीं जर्मनींतील कायझर्सवर्थ येथें कांहीं महिने राहून हें काम शिकून घेतलें, आणि १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा काढली. त्या शाळेंतील उमेदवार स्त्रियांना एक वर्ष वॉर्डांत राहून, वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरच्या नजरेखालीं काम करावें लागे. शाळा इस्पितळाच्या आंतच होती, ही त्या योजनेची खरी थोरवी. पोहणें जसें काठावर बसून येत नाहीं, तशी शुश्रूषा वॉर्डाच्या बाहेर बसून येत नाहीं. आणि पोहणें शिकतांना जसा कमरेला दोर लागतो, तशी येथें जाणत्या माणसाची नजर लागते.

आतां प्रत्यक्ष हें शिक्षण कसें घडतें तें पाहूं.

पहिला धडा हात धुण्याचा. कोणी म्हणेल, हें तर लहान मुलालाही येतें. १८४७ सालीं व्हिएन्ना शहरांतील मोठ्या इस्पितळांत सेमेलवाइस नांवाचे एक डॉक्टर होते. तेथें बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकांत सुइणी शिकत, दुसऱ्यांत डॉक्टर शिकत. आणि डॉक्टरांच्या विभागांत बाळंतिणी फार मरत. डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तशीच बाळंतिणींकडे येतात, हें त्यांनीं ताडलें व क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली. १८४६ सालीं त्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक बाळंतिणी मरण पावल्या होत्या. १८४८ सालीं तें प्रमाण शेंकडा २ च्याही खालीं आलें. डॉक्टरांचे हात जर मृत्यु वाहून नेऊं शकले, तर मावशीचे हात नेणार नाहींत काय? म्हणून आज उमेदवाराला हात धुण्याचे पांच प्रसंग शिकवितात: रोग्याला स्पर्श करण्यापूर्वीं, एखादें निर्जंतुक काम करण्यापूर्वीं, रक्त, लघवी इत्यादींशीं संबंध आल्यावर, रोग्याला स्पर्श केल्यावर, आणि रोग्याच्या खाटेला, चादरीला किंवा आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. साबण व पाणी असल्यास ४० ते ६० सेकंद लागतात. हे प्रसंग अर्ध्या तासांत पाठ होतात. पण रात्रीं तीन वाजतां, एका बाजूनें घंटी वाजत असतां व दुसऱ्या बाजूनें कोणी ओरडत असतां, हात आपोआप नळाकडे वळावा, याला महिने लागतात. पाठ होणें हें ज्ञान, आणि हात वळणें हें कौशल्य.

दुसरा धडा मोजण्याचा. नाडी पाहावयाची ती दोन-तीन बोटांनीं, अंगठ्यानें नव्हे. कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते, आणि घाबरलेला उमेदवार रोग्याऐवजीं स्वतःचेच ठोके मोजून मोकळा होतो. निरोगी प्रौढ माणसाची नाडी स्वस्थ असतांना मिनिटाला ६० ते १०० पडते, आणि श्वास १२ ते २० होतात. श्वास मोजण्याची तर एक खुबी आहे. “तुमचा श्वास मोजतें” असें सांगितलें कीं रोग्याचा श्वास लगेच बदलतो. म्हणून जाणती सिस्टर शिकविते: नाडी मोजून झाली तरी बोटें मनगटावरच ठेव, रोग्याला वाटूं दे कीं अजून नाडीच पाहते आहे, आणि नजर छातीकडे लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. तसेंच, रोग्यानें नुकताच गरम चहा घेतला असेल तर तोंडांत थर्मामीटर लावण्यापूर्वीं १५-२० मिनिटें थांब. बोटाला लावावयाचें ऑक्सिजनचें यंत्र नखाला रंग असला किंवा हात गार पडला असला तर फसवूं शकतें. लघवीचें माप सपाट जागेवर ठेवून, डोळे त्याच्या पातळीला आणून वाच. अशा शेंकडों बारीक गोष्टी पुस्तकांतही छापलेल्या असतात. पण त्या हातांत उतरतात त्या शेजारीं उभ्या असलेल्या माणसाकडून.

तिसरा धडा उचलण्याचा, वळविण्याचा व भरविण्याचा. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या माकडहाडावर, खुब्यांवर व टांचांवर भार पडून तेथील रक्त थांबतें व कातडी मरूं लागते. प्रथम लाली दिसते. बोटानें दाबली असतां ती फिकी पडली नाहीं, तर तो धोक्याचा इशारा होय. सांवळ्या अंगावर ही लाली डोळ्यांना नीट दिसत नाहीं, म्हणून तेथें उष्णता व कठीणपणा हातानें चांचपावा लागतो. वेळींच कूस बदलली नाहीं तर तेथें जखम होते, ती हाडापर्यंत जाऊं शकते, आणि अशा जखमेंतून विष अंगांत भिनून माणसें दगावतात. म्हणून दर दोन तासांनीं कूस बदलण्याचा परिपाठ. तीही ओढून नव्हे, तर खालच्या चादरीसकट दोघांनीं मिळून उचलून; कारण ओढल्यानें कातडी घासते. अर्धांगवायु झालेल्या रोग्याला खुर्चींत बसवावयाचें तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवावी, चाकांना आधीं अटकाव करावा, आणि कंबरेंतून न वांकतां गुडघ्यांतून बसून भार घ्यावा. नाहींतर रोगी पडतो, किंवा मावशीची पाठ कायमची जाते. भरवितांना रोग्याला ताठ बसवावें, घांस लहान द्यावा, गिळल्याची खात्री करून मग दुसरा द्यावा, आणि ठसका लागतांच थांबावें. घाईनें भरविलेली पेज फुप्फुसांत गेली, तर त्यांतून न्यूमोनिया होतो. “दोन घांस जास्त खाल्ले” म्हणून आपण समाधान मानतों. तेच दोन घांस कधीं कधीं घातक ठरतात.

शिकविण्याची रीत चार पायऱ्यांची असते: प्रथम उमेदवारानें पाहावें; मग पुतळ्यावर किंवा एकमेकांवर करून पाहावें; मग जाणत्या माणसासमक्ष रोग्यावर करावें; आणि हात बसल्याची खात्री झाल्यावरच एकट्यानें करावें. यांतील तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि जेथें माणसें कमी असतात तेथें नेमकी तीच गाळली जाते. मुलगी पहिल्या दिवशीं पाहते, आणि दुसऱ्या दिवशीं तिच्यावर अर्धा वॉर्ड सोंपविला जातो. अशा रीतीनें ती शिकत नाहीं असें नव्हे. ती शिकते, पण चुका शिकते, आणि चुकांनाही संवय लागली म्हणजे कौशल्याचा आव आणतां येतो.

चवथा धडा जिभेचा, म्हणजे पाहिलेलें नीट सांगण्याचा. डॉक्टर रोग्यापाशीं कांहीं मिनिटें असतात, सिस्टरला तीस रोगी असतात; पण अंग पुसतांना, पाट देतांना, चादर बदलतांना मावशी रोग्याच्या सर्वांत जवळ असते. एका इस्पितळांत आजाऱ्यांच्या भेटीस गेलों असतां मीं पाहिलें: खुब्याची शस्त्रक्रिया झालेले एक वृद्ध गृहस्थ सकाळपासून गप्प होते. नातेवाइकांना वाटलें, बरें झालें, झोंप लागली. मावशीनें मात्र सिस्टरला जाऊन सांगितलें, “सात नंबरचे आजोबा काल मला नांवानें हांक मारीत होते, आज सकाळीं मला ओळखलें नाहीं. लघवीही सकाळपासून फार थोडी झाली आहे.” तिनें रोगाचें नांव सांगितलें नाहीं, तें तिचें काम नव्हे. काल काय होतें, आज काय आहे, आणि केव्हांपासून, एवढेंच तिनें सांगितलें. तेवढ्यावरून डॉक्टर धांवत आले व उपचार वेळींच सुरू झाले. “आजोबा बरे दिसत नाहींत” असें मोघम सांगणें आणि असें सांगणें, यांत जो फरक आहे तोच शिक्षणाचा फरक आहे. पाळी बदलतांना पुढच्या माणसाला हेंच सारें सांगून जाणें, हाही या धड्याचाच भाग.

हें सारें अंगवळणीं पडावयास किती काळ लागतो? पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-पंडितेनें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत परिचारिकांच्या कौशल्याच्या पांच पायऱ्या दाखविल्या: नवशिकी, थोडी पुढें गेलेली, कार्यक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. नवशिकी नियमाला धरून चालते. तज्ज्ञ स्त्री सारा प्रसंग एका दृष्टिक्षेपांत ओळखते. साहाय्यकांनाही हें लागू पडतें. म्हणून नवशिक्या मुलीला “एवढेंही समजत नाहीं?” असें म्हणणें निरर्थक आहे, तिला अजून नियमाची काठी हवी आहे, आणि ती काठी हिसकावून घेणाऱ्यांनीं ती पडली म्हणून हंसूं नये.

कांहीं देशांनीं ही गोष्ट कायद्यानें बांधून टाकिली आहे. अमेरिकेंत १९८७ सालच्या कायद्यान्वयें वृद्ध व दुर्बळ रोग्यांच्या शुश्रूषागृहांतील साहाय्यकांस निदान ७५ तासांचें शिक्षण आवश्यक ठरलें. त्यांपैकीं निदान १६ तास देखरेखीखालीं प्रत्यक्ष कामाचे. आणि संसर्गापासून बचाव, संकटसमयींचे उपाय, रोग्याशीं बोलण्याची रीत व त्याचे हक्क हे विषय रोग्याला पहिला स्पर्श करण्यापूर्वींच १६ तास शिकविले पाहिजेत. इंग्लंडांत २०१५ सालापासून नव्या साहाय्यकांसाठीं १५ विषयांचें एक प्रमाणपत्र सुरू झालें. आपल्या देशांत सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा व जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा आहे. आणि त्यांच्याही खालच्या पायरीवर, जनरल ड्युटी असिस्टंट या नांवानें, कांहीं महिन्यांचें शिक्षण मिळतें. तरीही कोणतेंच शिक्षण न घेतां थेट वॉर्डांत उभी राहिलेली मुलें आपल्या ओळखीचीं आहेत. दोष मुलांचा नाहीं; त्यांना कोणीं वाटच दाखविली नाहीं.

आतां मी सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतों. कौशल्याचा शेवटचा व सर्वांत अवघड धडा म्हणजे स्वतःची मर्यादा ओळखणें. इंजेक्शन देणें, औषधाची मात्रा ठरविणें, सलाईनची गति बदलणें हें साहाय्यकाचें काम नव्हे. परंतु रात्रीं सिस्टर दुसऱ्या टोंकाला असते, आणि रोग्याचे नातेवाईक, म्हणजे तुम्हीआम्हीच, म्हणतों: “मावशी, तेवढी सलाईन जरा जलद करा ना, मावशी, तुम्हींच सुई टोंचा, तुमचा हात हलका आहे.” वर दहावीस रुपये हातांत सरकवितों. त्या क्षणीं “मला तें करण्याचा अधिकार नाहीं, सिस्टरला बोलावतें,” असें म्हणावयास जें धैर्य लागतें, तें नाडी पाहण्याइतकेंच शिकवावें लागतें. तसेंच धैर्य “मला हें येत नाहीं, दाखवा,” असें म्हणण्यास लागतें. आणि तसेंच धैर्य, न मोजलेला आकडा तक्त्यावर न लिहिण्यास लागतें. चार वाजतांचा ताप पाहावयाचा राहिला, तर राहिला असें सांगावें; अंदाजानें ‘९८.६’ लिहूं नये. त्या एका खोट्या आकड्यावर डॉक्टर औषध ठरविणार आहेत. आठवी आज्ञा ज्या ज्या ठिकाणीं पाळावयाची, त्यांत तापाचा तक्ता येतो, हें आपल्या मुलांना सांगण्यास लाजूं नका.

माझें बोलणें मी चार विनंत्यांनीं आटोपतें घेतों.

आईबापांनो, मुलीला किंवा मुलाला इस्पितळांत पाठवितांना पगाराबरोबर हेंही विचारा: पहिले किती दिवस ती कोणाच्या देखरेखीखालीं राहील? हात धुण्याचें, उचलण्याचें, मोजण्याचें शिक्षण कोण देईल? तिनें काय करावयाचें नाहीं, तें कोठें लिहिलेलें आहे काय? स्वतःच्या संरक्षणासाठीं हातमोजे, मुखपट्टी मिळतील काय? आणि पुढें शिकावयाचें झाल्यास रजा मिळेल काय? ज्या ठिकाणीं या प्रश्नांचीं उत्तरें देण्यास कोणी तयार नसेल, तेथें दोन पैसे अधिक मिळत असले तरी दोनदां विचार करा.

आपल्या धर्मग्रामांतील परिचारिका भगिनींनो, तुमच्या हाताखालीं येणारी मुलगी तुम्हांला भार वाटते, हें मी समजूं शकतों. कारण तुमच्यावर आधींच पुष्कळ भार आहे. “मला तरी कोणीं शिकविलें होतें?” असें तुमच्यापैकीं कांहीं म्हणतात. नेमकें त्यासाठींच तुम्हीं शिकवावें. तिच्याबरोबर खर्च केलेला पहिला महिना तुमच्या पुढच्या वर्षांतला भार हलका करील. आणि ज्या रोग्यापाशीं तुम्ही पोंचूं शकणार नाहीं, त्याच्यापाशीं तुमचेच डोळे व तुमचेच हात पोंचतील.

रोग्यांच्या नातेवाइकांनो, मावशीला व मामाला आदरानें हांक मारा. त्यांना त्यांच्या मर्यादेबाहेरचें काम सांगूं नका. त्यांनीं नकार दिला तर राग मानूं नका. तो नकार हेंच त्यांच्या शिक्षणाचें प्रमाणपत्र आहे. आणि जमल्यास त्यांच्याकडून कूस बदलण्याची व भरविण्याची रीत शिकून घ्या. रोगी घरीं आल्यावर तें काम तुम्हांलाच करावयाचें आहे.

आणि माझ्या तरुण मुलामुलींनो, ज्या कामाला लोक हलकें म्हणतात तें काम तुम्ही हलक्या हातानें करतां, म्हणून रोग्याला बरें वाटतें. पण तो हलका हात कमवावा लागतो. पहिल्या वर्षीं तुम्हांला पुष्कळ येणार नाहीं. रोज एक गोष्ट विचारा, रोज एक गोष्ट कोणासमोर करून दाखवा, आणि जें पाहिलें तें खरें सांगा. पुढें शिकण्याची पायरी दिसली कीं ती चढा. जे पायरीवरच राहतील, त्यांनींही आपली पायरी झिजूं देऊं नये. आजपासून कोणीं विचारलें, “काय करतेस?” तर मान वर करून सांगा, “मी रोग्यांची शुश्रूषा शिकतें आहें.”

या धर्मग्रामाच्या पुढील महोत्सवीं येथें बसणाऱ्या पुष्कळांना तोंवर कोणाच्या ना कोणाच्या हातांनीं उचलावें, वळवावें व भरवावें लागलेलें असेल. ते हात शिकलेले असावेत, ही काळजी आजच घेतली पाहिजे. रोग्यांच्या उशाशीं रात्र जागविणाऱ्या आपल्या सर्व मुलांना परमेश्वर आरोग्य, धीर आणि चांगले गुरु देवो, अशी मी प्रार्थना करतों.